सेन्सर आणि पंपाच्या जागी पू का होतो, आणि तो कसा टाळायचा

प्रश्न: आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहतो. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. पोटावर इन्सुलिन पंपाचा सेट (इन्सुलिन कातडीखाली नेणारी नळी) आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. या पावसाळ्यात सेटच्या जागी दोनदा लाल गाठ येऊन पू झाला. सेट महाग पडतो म्हणून आम्ही तो चार-पाच दिवस चालवतो. आता सासूबाईंनाही डॉक्टरांनी १४ दिवसांचा सेन्सर लावायला सांगितलाय. त्या द्राक्षबागेत काम करतात आणि नातवाचं पाहून घाबरल्यात. ही ॲलर्जी आहे की इन्फेक्शन? आणि टाळायचं कसं?

ताई, आधी आजचं काम. मुलाच्या पोटावर आत्ता लाली, गाठ किंवा पू असेल तर पुढे वाचण्याआधी तो सेट काढा. पोटाच्या दुसऱ्या बाजूला, चांगल्या कातडीवर नवा सेट लावा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. सुजलेल्या जागेतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. इन्सुलिन टोचायच्या पेनवरच्या मुलांच्या अंगात जसं लांब चालणारं इन्सुलिन शिल्लक असतं तसं पंपावरच्या मुलांच्या नसतं. त्यामुळे सेट बिघडला की काही तासांत कीटोन्स, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारी आम्लं, चढू शकतात. साखर २५०च्या वर अडून बसली तर कीटोन्स तपासा. ते आले असतील तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने द्या. उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालत असेल तर घरी वाट पाहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता तुमचा प्रश्न. मी नाशिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते. सेन्सर आणि पंप लावायला शिकवणं, काढलेल्या जागा तपासणं हे माझं रोजचं काम. तुम्ही सांगितलेलं वर्णन ॲलर्जीचं नाही. ते इन्फेक्शन आहे, आणि त्याचं बरंचसं कारण तुमच्या प्रश्नातच लिहिलेलं आहे.

दोन्ही ओळखायची खूण अशी. ॲलर्जीत खाज जास्त आणि दुखणं कमी असतं. लाली चिकटपट्टीच्या आकाराची उठते, सेन्सर गोल असेल तर गोल. त्यावर बारीक पुरळ किंवा पाणी भरलेले फोड येतात. बहुतेकदा ती पहिल्या सेन्सरला येत नाही. काही आठवडे, काही महिने वापर झाला की शरीर त्या चिकट रसायनाला ओळखू लागतं आणि मग सुरू होते. २०१७ मध्ये बेल्जियमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका लोकप्रिय ग्लुकोज सेन्सरमध्ये आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे रसायन अशा ॲलर्जीच्या मुळाशी असल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे काही सेन्सरमधून ते काढलंही गेलं. इन्फेक्शनची तऱ्हा वेगळी. तिथे ठणका असतो. लाली पट्टीच्या कडेशी थांबत नाही, सुई टोचलेल्या बिंदूभोवती सुरू होऊन बाहेर पसरते. हात लावला तर जागा गरम लागते, खाली कडक गाठ जाणवते, पू येतो. ताप आला, किंवा लाल रेघा वर सरकताना दिसल्या तर तो तातडीचा मामला. शंका असेल तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. दोन-तीन तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर उशीर करू नका.

एक गोष्ट मात्र दोन्हींना जोडते. ॲलर्जीची जागा खाजवून सोलली की तिथे इन्फेक्शन शिरतं. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. अवकाळी पावसाने मण्याला तडा गेला की कूज तिथूनच सुरू होते. म्हणून नुसती खाज असली तरी दुर्लक्ष करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

हे जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा बाहेरून नाही, आपल्याच अंगावरून. स्टॅफिलोकॉकस हा जंतू निरोगी माणसाच्या कातडीवर आणि नाकात राहतो. त्यातली ऑरियस ही पू करणारी जात चार-पाच माणसांतल्या एकाच्या नाकात असते आणि त्याला त्याचा काही त्रास नसतो. कातडी अखंड आहे तोवर हा जंतू बाहेरच राहतो. सेन्सरचा तंतू कातडीखाली जेमतेम ५ मिलिमीटर जातो, पंपाच्या सेटची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, ६ किंवा ९ मिलिमीटर. पण तेवढंही दार पुरतं, आणि ते दार दिवसचे दिवस उघडं राहतं. त्यात साखर चढलेली असेल तर पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद कमी होते. हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रासारखे, नुसते छातीवर चिकटणारे ईसीजीचे पॅच कातडी भेदत नाहीत. त्यांच्याखाली घामाने कातडी सोलू शकते, पण खोल पू क्वचितच होतो. तुमच्या घरात दोन्ही वस्तू टोचणाऱ्या आहेत, म्हणून काळजी जास्त घ्यायची.

आणि आता मुख्य गोष्ट, तुम्हाला आवडणार नाही तरी सांगते. तुमच्या मुलाचा सेट चार-पाच दिवस राहतो, तोच पू करतोय. साधा टेफ्लॉनचा सेट दोन ते तीन दिवसांचा असतो, स्टीलच्या सुईचा दोन दिवसांचा. सात दिवस चालणारे सेट वेगळे बनवलेले असतात आणि त्यांच्या पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. कॅन्युला शरीराला परकी वस्तू आहे. तिच्याभोवती रोज थोडी सूज वाढते, जंतू तिच्यावर चिकट थर धरतात, आणि त्या थरात शिरलेल्या जंतूंपर्यंत औषधही धड पोचत नाही. शिवाय तिसऱ्या दिवसानंतर त्या जागेतून इन्सुलिनचं शोषण बेभरवशाचं होतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी साखर विनाकारण वर जाताना तुम्ही पाहिली असेल.

खर्चाची अडचण मला कळते. तालुक्यातून येणाऱ्या कितीतरी घरांत महिन्याचा हिशेब या सेटपाशी अडतो. पण माझं स्पष्ट मत आहे की तीन दिवसांनी सेट बदलणं परवडत नसेल तर पंप काही काळ बाजूला ठेवून पेनवर यावं. पेनवरही साखर उत्तम राखता येते, फक्त मेहनत जास्त लागते. पाच दिवसांचा सेट म्हणजे बचत नाही. गळू कापायचा खर्च, अँटिबायोटिक, बुडालेली शाळा, हे सगळं त्याच पैशातून जातं आणि मुलगा सोसतो ते वेगळं. डॉक्टरांपाशी पैशाचा विषय मोकळेपणाने काढा. संकोच करू नका. तुम्ही बोलल्याशिवाय त्यांना कळत नाही की सेट पाच दिवस चाललाय.

दुसरं कारण लावताना घडतं. मी समोर बसून लावायला सांगते तेव्हा बहुतेक जण सगळं बरोबर करतात, फक्त दोन गोष्टी सोडून. स्पिरिट वाळू देत नाहीत, आणि स्पिरिट लावल्यावर ‘जागा कुठे होती’ म्हणून बोटाने पुन्हा चाचपतात. त्या एका चाचपण्याने आधीची सगळी सफाई वाया जाते.

म्हणून सुरुवातीपासून सांगते. आधी हात साबणाने धुवा, नखांखालीसुद्धा. बागेतून आलेल्या माणसाचे हात दोनदा. मग जागा साबण-पाण्याने धुवून स्वच्छ पंच्याने टिपून कोरडी करा. मळ आणि तेल असलेल्या कातडीवर स्पिरिट नीट काम करत नाही, त्यामुळे साबणाला फाटा देऊन नुसतं स्पिरिट चालणार नाही. मॉइश्चरायझर, पावडर, खोबरेल तेल लावलेलं नको. हँड सॅनिटायझरही नको, कारण त्यात ग्लिसरीन असतं आणि पट्टी धरत नाही. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावू नका. अंगातून घाम येत असतो, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. जागा आधीच ठरवा, हवं तर पेनने कडेला खूण करा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकेकटा बंद पाकिटातला स्वॅब घ्या आणि थोडा दाब देऊन पुसा. आता थांबा. फुंकर मारू नका, हाताने वारा घालू नका, बोट लावू नका. आपोआप वाळायला साधारण अर्धा मिनिट लागतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओलं असताना टोचलं तर तीन तोटे आहेत. जंतू पुरते मेलेले नसतात, ओल सुईबरोबर आत जाऊन आग होते, आणि पट्टी दोन दिवसांत सुटते. पोव्हिडोन आयोडीन वापरणार असाल तर ते निदान दोन मिनिटं वाळू द्या.

स्टीलच्या डबीत स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे ही आपल्याकडची जुनी सवय. ती सोडा. डबी रोज उघडली की स्पिरिट उडून जातं, बोटं आत-बाहेर होत राहतात, आणि आठवड्याने त्यात उरतं ते जेमतेम ओलं कापूस. डेटॉल निखळ लावू नका, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. पाकीट फाटलेलं, ओलं किंवा मुदत संपलेलं असेल तर तो सेट लावू नका. आणि पंख्याखाली लावत असाल तर पाकीट उघडल्यापासून पट्टी बसेपर्यंत पंखा बंद ठेवा.

केसांबद्दल नेहमी विचारलं जातं. वस्तरा किंवा रेझर फिरवू नका. त्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू वाढतात. ऑपरेशनच्या आधीसुद्धा केस वस्तऱ्याने काढू नयेत, अगदी गरज असेल तर ट्रिमरने कापावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. घरी तर त्याहून सांभाळायला हवं. मुलाला तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या मोठ्यांना आहे.

जागा दर वेळी बदला. पोटाच्या उजव्या बाजूला, डाव्या बाजूला, नितंबाच्या वरच्या भागावर, असा फेरा ठेवा आणि कॅलेंडरवर लिहा. बेंबीपासून निदान ५ सेंटीमीटर लांब राहा. कमरेचा पट्टा घासतो तिथे, व्रणावर, तिळावर किंवा इन्सुलिनच्या गाठी झालेल्या जागी लावू नका. सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा, एकदा डाव्या, पुढच्या वेळी उजव्या हाताला. इन्सुलिन टोचता त्या जागेपासून तो बोटभर तरी लांब हवा. सेट सकाळी बदला, झोपायच्या आधी नाही. तास-दीड तासाने साखर बघा, म्हणजे सेट धड बसला की नाही ते कळतं.

लावल्यानंतरचे दिवस. रोज अंघोळीनंतर एकदा बोट न लावता नुसती नजर टाका. पट्टीची कड सुटू लागली तर खालचं ओलसर अंग कुजट पांढरं पडतं, जंतूंना तेवढं पुरतं. वरून जोडपट्टी लावायची तर हवा खेळणारी लावा. पॅकिंगची प्लास्टिक टेप किंवा इलेक्ट्रिशियनची टेप लावलेले हात मी बघते तेव्हा मला ती टेप काढून खालची कातडी बघितल्याशिवाय चैन पडत नाही, कारण तिथे घाम कोंडलेला असतो. ज्या सेन्सरच्या मध्यभागी बारीक छिद्र असतं ते झाकू नका. आणि सेन्सर अर्धवट उपसला तर तो दाबून परत बसवू नका. बाहेर आलेला तंतू आता स्वच्छ राहिलेला नाही. तो जंतू घेऊनच आत जाईल. सेन्सर वाया गेला याचं दुःख होतं, पण काढून टाका. १४ दिवसांचा सेन्सर पुन्हा चालू करून आणखी दिवस ओढायच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात. त्या करू नका.

पाण्याचं विचाराल तर, पाऊस आणि अंघोळ चालते. बऱ्याच सेन्सरना एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास चालतो असं लिहिलेलं असतं. पण ते यंत्र टिकेल याची हमी आहे, कातडीच्या छिद्राची नाही. आपल्या भागात मुलं शेततळ्यात उतरतात. मुलाला सेटसकट तिथे जाऊ देऊ नका. साचलेलं पाणी, शेवाळ आणि पोटावरची उघडी वाट, हे एकत्र येऊ देऊ नये. शिवाय प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की बाहेर येता येत नाही, हा धोका वेगळाच. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे आणि घरोघरी स्नानाचं बोलणं सुरू होतंय, म्हणून आत्ताच सांगते. रामकुंडावर सेन्सर-पंपवाल्यांनी कमरेपर्यंत गर्दीत उतरू नये. काठावर तांब्याने पाणी अंगावर घ्यावं. घरी येऊन स्वच्छ पाण्याने धुवून, जागा टिपून कोरडी करावी आणि दोन दिवस नजर ठेवावी. ज्यांच्या जागी आधीच लाली आहे त्यांनी नदीचं पाणी लागूच देऊ नये.

सासूबाईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांचं काम दंडानेच होतं. मांडवाखाली हात वर करून विरळणी करताना दंडाची मागची बाजू तारेला आणि काड्यांना घासते, सेन्सर अडकून उपसतो. जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाच्या) पाण्यात घड बुडवायच्या, म्हणजे डिपिंगच्या, दिवसांत तर कपातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून दंडावर ओघळतं. बोर्डो फवारणीनंतर पानं झटकली जातात तो चुना-मोरचूद कातडीला झोंबतो. यातलं काहीच थेट पू करत नाही, पण कातडी लाल आणि सोललेली ठेवतं, आणि ओल्या पट्टीखाली पुढचं काम जंतू करतात. त्यांनी पूर्ण बाहीचा सुती, सैल सदरा घालावा, पदराची गाठ किंवा पिशवीचा बंद दंडावर येऊ देऊ नये. जमल्यास सेन्सरचे १४ दिवस डिपिंग आणि फवारणीच्या दिवसांत धरू नयेत. डॉक्टरांना तारखा सांगितल्या तर ते आनंदाने मागे-पुढे करतील. बागेचं वेळापत्रक नाशिकच्या डॉक्टरांना नवं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर दंड साध्या पाण्याने धुवून टिपून घ्यायचा, पट्टीवर चोळायचं नाही.

घरचे उपाय सोडायला सांगताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण ते प्रेमाने केलेले असतात. पण सुईच्या छिद्रावर हळद, राख, टूथपेस्ट, चुना, कोरफडीचा ताजा गर लावू नका. हळदीच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खाजेवर मेडिकलमधून ‘ट्यूब’ आणू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली बुजते, घरच्यांना बरं वाटतं आणि खाली इन्फेक्शन पसरत राहतं. पुन्हा पुन्हा त्याच जागी लावल्याने कातडी पातळ होते. गाठ दाबून पू काढू नका, पिळल्याने तो खोल जातो. अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. साध्या औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू आता आपल्याकडे वारंवार सापडतात.

तुमच्या मुलाला दोनदा पू झालाय, म्हणून आणखी एक करा. पू आला तर तो कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तपासायला, पाठवायला डॉक्टरांना सांगा, म्हणजे कुठलं औषध चालेल ते नेमकं कळेल. घरात इतर कुणाला वारंवार गळू, केसतोडं होतात का ते आठवा. तसं असेल तर तो जंतू घरातच फिरतोय. मुलाचा टॉवेल, नखं कापायची कात्री, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा आणि टॉवेल-अभ्रा गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवा. नाकातला जंतू तपासणं, नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ, हे डॉक्टर ठरवतील तर ठरावीक दिवस करायचं असतं. ते नीट केलं की वारंवार होणारा पू बऱ्याचदा थांबतो. आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, बघा. साखर तीन महिने चढलेली असेल तर बाकी सगळं करूनही जागा चिघळत राहतील.

पट्टी काढताना ओरबाडू नका. कड सुटी करून, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरून, पट्टी कातडीला समांतर, केसांच्या दिशेने हळूहळू मागे न्या. फार चिकटली असेल तर कडेला थोडं खोबरेल तेल लावा, पाच मिनिटं थांबा. नंतर ती जागा साबणाने धुवा, तेल राहिलं तर पुढची पट्टी त्यावर धरत नाही. रक्ताचा एखादा ठिपका आणि एका दिवसात जाणारी गुलाबी लाली नेहमीचीच. जागा कोरडी आणि उघडी ठेवा, निदान एक-दोन आठवडे तिथे पुन्हा काही लावू नका.

वापरलेल्या सुया, सेट आणि सेन्सर जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. भरली की पुढच्या तपासणीला येताना हॉस्पिटलच्या सुयांच्या डब्यात द्यायला घेऊन या. घंटागाडीत टाकू नका. तिथे हाताने कचरा निवडणारी माणसं असतात. सासूबाईंचा पहिला सेन्सर मात्र घरी लावू नका, दवाखान्यात लावून घ्या आणि मुलालाही बरोबर आणा. नवा सेट कसा लावायचा ते मी त्याच वेळी त्याच्याकडून त्याच्या हाताने करून घेईन.